फोर्मविषयीच्या आपल्या आक्षेपांना उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. फोर्म या कंपनीच्या जाहिरात-तंत्रावर मी अन्याय केला, कारण ती कोणाचे नाव साठवत नव्हती, गूगलही तेच करते, आणि बातम्या फुकट वाचायच्या तर त्यांचा खर्च जाहिरातींनीच उचलला पाहिजे, असे आपण लिहिले आहे. शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पहिल्या दोन मुद्द्यांवरून मी अन्याय केला असे ठरते, हे मात्र मान्य नाही.

आधी गूगलशी केलेली तुलना पाहू. वाण्याने आपली यादी लक्षात ठेवून नवा माल दाखवला तर त्यात वावगे काही नाही. आवडले नाही तर आपण दुसऱ्या दुकानात जातो. फोर्मची यंत्रणा दुकानात नव्हे, तर दुकानाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच बसणार होती. ब्रिटनमधील बीटी, व्हर्जिन मीडिया आणि टॉकटॉक या इंटरनेट जोडणी देणाऱ्या कंपन्यांना सोबत घेऊन, ग्राहकाने मागवलेले पान त्याच्यापर्यंत पोहोचत असतानाच त्यातील शब्द तपासायचे आणि त्यावरून त्याची आवड ठरवायची, अशी ती योजना होती. दरमहा पैसे भरून घेतलेली जोडणी टाळून ग्राहक जाणार कुठे?

नावाऐवजी निव्वळ एक क्रमांक ठेवला जात होता, हे आपले म्हणणे खरे आहे. परंतु केंब्रिजचे संगणक-सुरक्षा संशोधक रिचर्ड क्लेटन यांनी २००८ साली या रचनेचे जे तपशीलवार वर्णन केले, त्यानुसार तो क्रमांक बसवण्यासाठी ब्राउझरला परस्पर दुसरीकडे वळवले जाई आणि ग्राहक ज्या संकेतस्थळावर चालला होता त्याच्याच नावाने, त्या संकेतस्थळाच्या नकळत, कुकी (ब्राउझरमध्ये साठवली जाणारी छोटी ओळख-नोंद) ठेवली जाई. दुसऱ्याच्या नावाने चिठ्ठी ठेवण्याचा हा प्रकार मला आजही अस्वस्थ करतो. त्याहून गंभीर बाब म्हणजे बीटीने २००६ आणि २००७ साली हजारो ग्राहकांच्या जोडण्यांवर त्यांना न सांगता या तंत्राच्या चाचण्या घेतल्या. या प्रकरणी खटला न भरण्याचा निर्णय २०११ साली झाला, हेही मी नोंदवतो. पण खटला झाला नाही म्हणून न विचारल्याचे समर्थन होत नाही.

टीकाकारांनी एक चांगला व्यवसाय बुडवला, असे आपल्याला वाटते. माझे मत वेगळे आहे. फोर्मचा सारा डोलारा मोजक्या जोडणी-कंपन्यांच्या विश्वासावर उभा होता. एप्रिल २००९ मध्ये युरोपीय आयोगाने ब्रिटनविरुद्ध कारवाई सुरू केली, त्याच महिन्यात ॲमेझॉनने आपली पाने तपासू देण्यास नकार दिला, आणि जुलैत बीटीने योजना बाजूला ठेवली. पुढे ब्राझीलसारख्या देशांत प्रयत्न करूनही २०१६ साली कंपनीचा कारभार थांबला. तोपर्यंत कूटबद्ध जोडण्या इतक्या पसरल्या होत्या की वाटेवर बसून पानातले शब्द वाचणे तसेही अवघड झाले होते. याउलट नेदरलँड्समधील सार्वजनिक प्रसारकासाठी जाहिराती विकणाऱ्या स्टर या संस्थेने २०२० साली त्याच्या संकेतस्थळांवर माग काढणाऱ्या कुकीज बंद करून पानातील मजकुराशी जुळणाऱ्या जाहिराती दिल्या, आणि सुरुवातीच्या महिन्यांत तिचे उत्पन्न वाढले.

सप्टेंबर २००८ मध्ये बीटीने सुमारे १०,००० ग्राहकांना आधी विचारून चाचणीत बोलावले होते. हीच विचारणा २००६ साली झाली असती, तर माझे बहुतेक आक्षेप उरले नसते. संकेतस्थळांच्या मालकांच्या परवानगीचा प्रश्न तेवढा शिल्लक राहिला असता.