साखर राहिलीच!

महिन्याचा पहिला रविवार आला की आमच्याकडे तेच नाटक. साखर, तूरडाळ आणि भांड्याचा साबण, बास एवढंच आणायचंय म्हणून सुपरमार्केटला निघायचं, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास रखडायचं, मग पार्किंगसाठी दोन चकरा, आत ट्रॉली लोकांच्या घोट्यावर आपटत फिरायचं (आणि आपल्याही घोट्यावर खायची) आणि बाहेर येताना बिल २८०० रुपये. डबे, पायपुसणी, तीनावर एक फ्री बिस्किटं. साखर राहिलीच!!

वर बिलाखाली "आज तुमचे इतके वाचले" छापलेलं दिसलं की आमच्या मातोश्री खूश. अगं आई, जे घ्यायचंच नव्हतं त्यात कसले वाचले? आणि एमआरपी म्हणजे जास्तीत जास्त किंमत, तीही सगळे टॅक्स धरून, त्याच्या खाली कोणीही विकू शकतो, कोपऱ्यावरचे दुकानदार काका पण चार-पाच रुपये सोडतातच की. मोठं पाकीट स्वस्त पडतंच असंही नाही, ग्रॅममागे किती पडतं ते पाकिटावरच छापलेलं असतं पण इतक्या बारीक अक्षरात की चष्मा काढेपर्यंत मागचा माणूस ट्रॉली ढोसतो.

हां, डाळ-तांदूळ खरंच स्वस्त मिळतात, ते नाकारत नाही. पण पेट्रोल? माझा रविवार?

शेवटी साखर काकांकडूनच आणावी म्हटलं तर दीड वाजलेला, शटर खाली. आता चारपर्यंत बिनसाखरेचा चहा.