लिनक्सवाले गाण्यांना पैसे देत नाहीत? साफ चूक

‘लिनक्सवाल्यांना सगळं फुकट हवं असतं, म्हणून संगीताची दुकानं त्यांच्याकडे बघत नाहीत. तसाही लिनक्सवर आवाज धड येत नाही. आणि स्ट्रीमिंग असताना गाणी विकत घ्यायची कशाला?’ लिनक्स ही विंडोजऐवजी वापरता येणारी, फुकट मिळणारी संगणकप्रणाली; ती वापरणाऱ्या आम्हा लोकांबद्दल हे विधान सध्या भरपूर फिरतंय. तिन्ही मुद्दे मला मान्य नाहीत.

फुकटेपणाचा आरोप सगळ्यात जास्त लागतो. २०१० साली ‘हंबल इंडी बंडल’ या एकत्र विकल्या जाणाऱ्या संचात गेम्सची किंमत गिऱ्हाइकानेच ठरवायची होती. तेव्हा सरासरी सगळ्यात जास्त पैसे मोजले ते लिनक्सवाल्यांनी. आमची अडचण पैशांची नाहीच. मी एकदा एका दुकानातून ख्यालगायनाचा अल्बम घेतला. पैसे कापले गेल्यावर कळलं, की फाइली उतरवायला त्यांचं विंडोजचं ॲप लागतं. मित्राच्या लॅपटॉपवर उतरवून पेनड्राइव्हवर घरी आणल्या. ॲपलचं गाण्यांचं दुकान आयट्यून्स तर लिनक्सवर कधी आलंच नाही, आणि तिथे विकत मिळतं ते २५६ केबीपीएसचं एएसी, म्हणजे आवाजाचा काही भाग गाळून लहान केलेली फाइल. सीडीवर दर सेकंदाला १४११ किलोबिट माहिती असते.

बरं, लिनक्ससाठी वेगळं काही बनवायचीही गरज नाही. बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या साइटवर पैसे भरा, फ्लॅक (आवाजातलं काहीही न गाळणारा फाइलचा प्रकार) निवडा, ब्राउझरमध्येच फाइल उतरते, कॉपी करण्यावर कुलूप नसलेली. एवढीच तर मागणी आहे.

आवाजाचं म्हणाल, तर फ्लॅक २००१पासून सर्वांना खुला आहे आणि लिनक्सवर सहज वाजतो. एक खरी खोट आहे: लिनक्सवर आवाज हाताळणारा पाइपवायर हा प्रोग्रॅम मूळ सेटिंगमध्ये सगळ्याचा सॅम्पलिंग दर (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, तो आकडा) ४८ किलोहर्ट्झवर आणतो, सीडीचा ४४.१सुद्धा. सेटिंगच्या फाइलमध्ये परवानगीच्या दरांत ४४१०० लिहिलं, की तो दर चालणाऱ्या डॅकला (डिजिटल फाइलचा आवाज करणाऱ्या उपकरणाला) मूळ दर मिळतो. एका ओळीचं काम.

स्ट्रीमिंग म्हणजे भाड्याचं घर. कंपनीचा करार संपला की अल्बम यादीतून जातो, आपण दरमहा पैसे भरत असलो तरी. शिवाय टायडल आणि कोबझ या दर्जासाठी नावाजलेल्या सेवांचं लिनक्ससाठी अधिकृत ॲपच नाही.

जुनं नाट्यसंगीत चांगल्या दर्जात हवं असेल, तर मी अजूनही सीडी विकत घेतो. ‘व्हिपर’ हा लिनक्सवरचा प्रोग्रॅम ती वाचतो, प्रत्येक ट्रॅक ॲक्युरेटरिपच्या (इतरांनी उतरवलेल्या सीडींच्या ऑनलाइन यादीच्या) नोंदींशी ताडून बघतो आणि फ्लॅक करून ठेवतो. त्यासाठी यूएसबीचा सीडी ड्राइव्हसुद्धा मी विकतच घेतला आहे.