खुर्ची मोडायला निघालेला माणूस खुर्चीत बसतो तेव्हा

कट्ट्यावर पक्याने चहा यायच्या आधीच विषयाला तोंड फोडलं. "राष्ट्राध्यक्षपदाला एक नवा माणूस उभा राहिला की सगळं हलतं. श्रीलंका बघा."

त्याचे आकडे पक्के होते. अनुरा कुमार दिसानायके यांना २०१९ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत ३.१६ टक्के मतं होती, २२५ जणांच्या संसदेत त्यांच्या आघाडीचे खासदार फक्त ३. २०२२ मध्ये देशाने परकीय कर्जफेड थांबवली, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे देश सोडून गेले, आणि २१ सप्टेंबर २०२४ च्या मतदानात हाच माणूस पहिला आला. "याला बदल नाही तर काय म्हणायचं?"

"पन्नास टक्के ओलांडले का त्याने?" वकिलाने विचारलं.

इथे नाना सरसावले. मतमोजणी हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. तिथे मतदार तीन उमेदवारांना १, २, ३ असा पसंतीक्रम देऊ शकतो. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नाहीत, तर पहिले दोघे ठेवून बाकी सगळे बाद. मग बाद झालेल्यांच्या मतपत्रिका पुन्हा काढायच्या आणि पुढची पसंती या दोघांपैकी कुणाला आहे ते बघायचं. दिसानायके ४२.३१ टक्क्यांवर अडले, दुसरे आलेले साजिथ प्रेमदासा ३२.७६ वर, म्हणून देशाच्या इतिहासात पहिल्यांदा ही दुसरी मोजणी झाली. "बाद झालेल्यांची मतं तेहतीस लाखांच्या वर. त्यातून पुढे सरकली किती? दिसानायकेंकडे १,०५,२६४ आणि प्रेमदासांकडे १,६७,८६७. बाकीच्या पत्रिका या दोघांपैकी कुणाच्याच कामी आल्या नाहीत. बहुतेकांनी एकाच नावापुढे खूण करून पत्रिका पेटीत टाकलेली."

"म्हणजे निम्म्या देशाचा कौल नसतानाच तो आला," वकील म्हणाला. "आणि संसदेत तीन खासदार. तेवढ्यात काय करणार होता?"

"म्हणून तर तिसऱ्या दिवशी संसद बरखास्त केली!" पक्या उसळला. " १४ नोव्हेंबरला निवडणूक, १५९ जागा. दोन तृतीयांशाला दीडशे पुरतात. उत्तरेतला तमिळबहुल जाफना जिल्हासुद्धा जिंकला, तोही दक्षिणेतल्या सिंहली पक्षाने."

वकील हसला. याच वाक्याची तो वाट बघत होता. "बरखास्त करायचा अधिकार आला कुठून?"

कट्टा गप्प. मग वकिलानेच उलगडून सांगितलं. २०१५ च्या एकोणिसाव्या घटनादुरुस्तीने राष्ट्राध्यक्षाचे हात बांधले होते. साडेचार वर्षं होईपर्यंत त्याला स्वतःहून संसद बरखास्त करता येत नव्हती. २०१८ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मैत्रीपाल सिरिसेनांनी तरी ती केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. मग २०२० मध्ये गोटाबायांनी विसावी दुरुस्ती आणून ती मुदत अडीच वर्षांवर आणली, आणि २०२२ च्या एकविसाव्या दुरुस्तीनेही अडीचच ठेवली. दिसानायकेंच्या वेळी संसदेला जेमतेम चार वर्षं झाली होती. "जुना नियम असता तर फेब्रुवारी २०२५ पर्यंत ते तीन खासदार घेऊन बसले असते. ज्या अमर्याद खुर्चीवर टीका करून माणूस निवडून आला, तिच्याच ताकदीवर त्याचं बहुमत उभं राहिलं." हा मुद्दा बिनतोड होता, पक्यालाही तो टाळता आला नाही.

राष्ट्राध्यक्षाची ही सर्वाधिकारी खुर्चीच मोडू, हे दिसानायकेंचं वचन काही नवीन नाही. तेव्हाचे सत्ताधारी जयवर्धने यांनी १९७८ च्या घटनेत ती आणली. १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाला उभ्या राहिलेल्या चंद्रिका कुमारतुंगांनी ती रद्द करू म्हटलं, २०१५ मध्ये सिरिसेनांनीही. ती अजून आहे. रद्द करायची तर दोन तृतीयांश मतांवर भागत नाही, वर सार्वमतही लागतं.

पैशाचा विषय तिघांनीही लवकर आटोपला, कारण त्यात वादाला जागाच कमी. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने सुमारे तीन अब्ज डॉलरचा कर्ज कार्यक्रम मंजूर केला. त्याची मुख्य अट अशी, की व्याज सोडून बाकी खर्च भागवल्यावर तिजोरीत जीडीपीच्या २.३ टक्के उरले पाहिजेत. प्रचारात दिसानायके करार बदलून घेऊ म्हणाले, सत्तेत आल्यावर तोच त्याच चौकटीत पुढे चालवला. पगारदारांची करमुक्त मर्यादा महिना एक लाखावरून दीड लाख श्रीलंकन रुपये झाली, एवढी फट सापडली.

"आणि माजी राष्ट्राध्यक्षांचे सरकारी बंगले, सवलती?" पक्याने शेवटचा डाव टाकला. "सप्टेंबर २०२५ मध्ये कायदा करून काढले. आजवर कुणाला जमलं होतं?"

"ते जमलं, मान्य," वकील म्हणाला. " पण ते दुसऱ्यांचं काढणं झालं. प्रांतिक परिषदांच्या निवडणुका २०१४ नंतर झाल्यात का? त्या घ्यायच्या म्हणजे स्वतःची सत्ता वाटून द्यायची."

शेवटी पैज लागली. दिसानायकेंची मुदत २०२९ पर्यंत आहे. तोवर खुर्ची रद्द करायचं सार्वमत होतं की नाही, यावर दहा कटिंग. पक्या 'होणार', वकील 'नाही'. हात मिळवणार इतक्यात नानांनी विचारलं, विधेयक मांडलं आणि सार्वमत झालं नाही तर चहा कुणाचा. मग पुन्हा सगळं पहिल्यापासून सुरू झालं.