फोम घेताना ‘फक्त ४० डेन्सिटी’? जरा थांबा

दिवाळीआधी सोफा-गाद्या बदलायची टूम निघाली की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘दुकानात फक्त ४० डेन्सिटी मागा. डेन्सिटी जास्त तितकी गादी कडक, आणि कडक गादी पाठीला उत्तम. पाणी शोषणारा फोम नकली. नासाचा मेमरी फोम थंड राहतो.’

डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे, निव्वळ वजन: एका घनमीटरला किती किलो. ते काट्यावर तपासता येतं. सहा बाय तीन फुटांची, चार इंच जाडीची ४० ची शीट साधारण ६.८ किलो भरते, ४.८ च्या आसपास भरली तर तुमच्या गळ्यात २८ चा माल मारलाय. कडकपणा वेगळा मोजतात. ४० मध्येच मऊही मिळतो, कडकही. मेमरी फोम (दाबला की सावकाश मूळ आकारात येणारा) बऱ्याचदा ५० च्या पुढचा, तरी हात रुततो. डेन्सिटी जास्त असली की खड्डा उशिरा पडतो, एवढंच.

पाठीचं म्हणाल, तर २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांचा अभ्यास आला होता. मध्यम कडक गादीवाल्यांना कडक गादीवाल्यांपेक्षा जास्त आराम पडला.

पाण्याची परीक्षा तर उफराटीच. पावसाळ्यात फाटक्या रेक्झिनच्या स्कूटरवर बसलेल्या पुणेकराला हे सांगायला नको: सीट वरून कोरडी, बसलं की पँट ओली. आतला पीयू (पॉलियुरेथेन, सोफ्या-गादीतलाच) फोम अस्सलच असतो! त्याची छिद्रं एकमेकांत उघडतात, म्हणून हवा ये-जा करते, फोम दबतो, पुन्हा फुगतो. त्याच वाटेने पाणीही शिरतं. टीव्हीच्या खोक्यातला पांढरा ईपीई (पॅकिंगचा पॉलिथिलीन फोम) पाणी पीत नाही, कारण त्याचे बुडबुडे बंद असतात. पण सोफ्यात घालून रोज बसा, त्याचा पापड होतो. म्हणजे या परीक्षेत पॅकिंगचा माल पास आणि सोफ्याचा नापास.

राहिला मेमरी फोम. तो १९६६ मध्ये नासासाठी तयार झाला खरा, पण विमानाच्या सीटसाठी. थंडाव्याशी त्याचा संबंध नाही. उलट तो उबेने मऊ पडतो आणि अंगाची ऊब धरून ठेवतो. डिसेंबरच्या पहाटे घट्ट लागेल, एप्रिलमध्ये पाठ घामेजेल. हवाच असेल तर वरचा दीड-दोन इंचांचा थर तेवढा घ्या, खाली एचआर (हाय रेझिलियन्स, म्हणजे दाबला की चटकन उसळणारा) फोम टाका.