एकोणतीस इंची

“काका, युसेज काय?”

सायकलच्या दुकानातल्या पोराने मला एवढंच विचारलं. मी म्हणालो, “चालवायला.” डॉक्टरने ‘कुठे दुखतंय?’ विचारल्यावर ‘अंगात’ म्हणणाऱ्या पेशंटकडे बघावं, तसं त्याने माझ्याकडे बघितलं.

मग मी नीट सांगितलं. सोमवार ते शनिवार कोथरूड ते डेक्कन, ऑफिस. येताना भाजी. आणि रविवारी, म्हणजे सगळ्याच नव्हे, एखाद्या रविवारी, वेताळ टेकडी.

“म्हणजे ट्रेल!” पोरगा उजळला. भाजीचं त्याने नावही काढलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही काढू दिलं नसतं. वर्षाचे साडेतीनशे दिवस आपण मेथीची जुडी घेऊन घरी येणारा माणूस असतो, पण सायकलच्या दुकानात शिरतो तो उरलेल्या पंधरा दिवसांचा माणूस.

ऑफिसातल्या एका जाणकाराने सांगितलं होतं, “सरळ हायब्रीड घे. बारीक टायर, पुढे सस्पेन्शन नाही, वजनाला हलकी.” सल्ला शंभर टक्के बरोबर होता. म्हणूनच तो मला आवडला नाही. हायब्रीड बघितली की टेकडी दिसेना, माउंटन बाइक बघितली की ऑफिस दिसेना. यातच तीन महिने गेले.

त्यातला एक महिना नुसत्या चाकाने खाल्ला. सव्वीस, साडेसत्तावीस आणि एकोणतीस इंच. एकोणतिसाचं चाक खड्ड्यावरून अलगद जातं, साडेसत्तावीस वळणावर चपळ, सव्वीस आता जुनं झालं. मी एकोणतिसावर आलो आणि मोठ्या उत्साहाने अप्पांना सांगितलं. अप्पांची उभी नोकरी खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत, तीही काळ्या, अठ्ठावीस इंची सायकलवर झाली.

“एका इंचासाठी पस्तीस हजार?” अप्पा म्हणाले.

मी चिडून नेटवर शोधलं आणि गप्प बसलो. एकोणतीस इंचीची रिम 622 मिलिमीटरची. अप्पांच्या अठ्ठावीस इंचीची 635. म्हणजे रिम अप्पांचीच मोठी. आमचा जास्तीचा इंच नुसता टायरच्या जाडीचा! वर गंमत म्हणजे हायब्रीडला जे ‘सातशे सी’ म्हणतात, तीही रिम 622चीच. तीन दुकानांत तीन पोरांनी मला या दोन चाकांतला जमीन-अस्मानाचा फरक समजावून सांगितला होता. हे मी अप्पांना अजून सांगितलेलं नाही.

गिअर एकवीस. पुढे तीन चकत्या, मागे सात. मला वाटलं, पस्तीस हजार भागिले एकवीस, स्वस्तच आहे. पण पुढची मोठी चकती आणि मागची मोठी एकत्र लावायची नाहीत, छोटी-छोटीही नाहीत, चेन तिरकी ओढली जाते. उरलेल्यांत पुन्हा अर्धे एकमेकांची जुळी भावंडं. कर्वे रस्त्यावर मी तीन वापरतो. बाकीचे अठरा मी पाटावरवंट्यासारखे सांभाळून ठेवले आहेत.

शेवटी घेतली. नारिंगी, साडेचौदा किलो. घरी आणली तेव्हा अप्पांनी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली.

“स्टँड कुठंय?”

“नसतं याला.”

“मडगार्ड? कॅरिअर? घंटी?”

“अप्पा, ही माउंटन बाइक आहे.”

“बरं,” म्हणून अप्पांनी ती भिंतीला टेकवली. ती घसरली आणि तुळशीची कुंडी फुटली.

टेकडीवरच्या पहिल्या रविवारचं फार सांगण्यासारखं नाही. चढ सुरू झाला आणि मी उतरलो. खाणीपर्यंत मी साडेचौदा किलो ढकलत नेले. काठी टेकत चाललेल्या एका आजोबांनी मला दोनदा मागे टाकलं. दुसऱ्यांदा ते परत येत होते. एकदा पेडलवर उभा राहून चढायचा प्रयत्न केला, तर पुढचं सस्पेन्शन दंड-बैठका काढायला लागलं. अर्धी ताकद त्याच्याच व्यायामाला गेली. ते लॉक करायला एक खटका असतो, हे नंतर कळलं.

सस्पेन्शन वसूल झालं ते सोमवारी. कोथरूड ते डेक्कन मी अकरा गतिरोधक मोजलेत. रस्त्याच्या तीन इंच खाली गेलेली ड्रेनेजची झाकणं वेगळी. टेकडीवर दगड निदान कालच्या जागी आज असतो! खाचखळग्यांच्या टायरला डांबरावर ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो, त्यामुळे माणसं मागे जीप आली असं समजून बाजूला होतात. घंटीचं काम भागलं होतं. पण पहिल्या पावसात शर्टाच्या पाठीवर, मानेपासून पट्ट्यापर्यंत, चिखलाची सरळ रेघ उमटली. बायको म्हणाली, “अहो, मागून खारीसारखे दिसताय.”

मडगार्ड आले. मग स्टँड. मेथी हँडलला लावली की पुढच्या चाकात जाते, म्हणून कॅरिअर. कॅरिअर मागच्या डिस्क ब्रेकला घासायला लागलं, तेव्हा कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने लांब बोल्ट घेतला, त्यात नळीचा बोटभर तुकडा ओवला आणि कॅरिअर इंचभर बाहेर काढून दिलं. चाळीस रुपये. पस्तीस हजारांत कोणाला सुचलं नव्हतं. घंटी अप्पांनी स्वतः आणली, जुन्या सायकलवरची, पितळी.

या माउंटन बाइक प्रकाराची सुरुवात कुठे झाली, हे मी मध्यंतरी वाचलं. कॅलिफोर्नियात, मरीन काउंटीत, 1970च्या दशकात काही पोरं डोंगरावरून सायकली सोडत. नव्या नव्हेत, 1930-40च्या जड, फुगीर टायरच्या, पोरं पेपर टाकायला वापरत तसल्या. एका उताराचं नावच ‘रीपॅक’ पडलं, कारण खाली पोचेपर्यंत मागच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि दर फेरीनंतर ते पुन्हा भरावं लागायचं. 1976 साली तिथे शर्यत सुरू झाली. वजन कमी करायला या पोरांनी त्या सायकलींचं काय काय काढून टाकलं होतं? मडगार्ड, कॅरिअर, स्टँड.

गेल्या रविवारी पुन्हा टेकडीवर गेलो. या वेळी अर्धा चढ बसून चढलो, खोटं नाही. सपाटीवर धापा टाकत थांबलो होतो. कॅरिअरला शनिवारची पिशवी तशीच राहिली होती. मागून हेल्मेट-गॉगलवाला एक तरुण सुसाट आला, ब्रेक मारून थांबला, आणि सायकल पुढून-मागून न्याहाळून अत्यंत आदराने म्हणाला,

“काका, तुम्ही टेकडीवर पण डिलिव्हरी देता?”