१३७ नंबरचा पंचनामा

दूध गॅसवर ठेवून कुणी झोपत नाही. मी मात्र अठरा तासांचा जीनोम अलाइनमेंटचा (डीएनएचे वाचलेले तुकडे जीनोमवर आपापल्या जागी बसवण्याचा) जॉब क्लाउडवर, म्हणजे भाड्याच्या मशीनवर, लावून खुशाल घोरतो. सकाळी पाहावं तर दूध ओतू गेलेलं नाही, करपलेलंही नाही, पातेलंच गायब. लॉगच्या तळाशी एकच शब्द: ‘किल्ड’.

तोच जॉब तसाच पुन्हा लावायला हात शिवशिवतात. ते आवरून मी एक्झिट कोड, म्हणजे प्रोग्रॅम मरताना मागे ठेवतो तो आकडा, बघतो. त्यातून १२८ वजा केले की ज्या सिग्नलने (सिस्टीमच्या हुकमाने) तो मेला त्याचा नंबर उरतो. १४३ म्हणजे १५, ‘आवरा आता’ अशी सभ्य सूचना. १३७ म्हणजे ९, थेट मुडदा. मग डीमेसेज, म्हणजे कर्नलची (सिस्टीमच्या गाभ्याची) रोजनिशी, उघडून ‘आउट ऑफ मेमरी’ शोधायचं. कर्नलने खून केला असेल तर तिथे स्वतःच्या सहीने कबुली दिलेली असते.

कारणं बहुधा आपलीच. मानवी जीनोमचा इंडेक्स (शोधसूची) उघडायलाच ‘स्टार’ या अलाइनमेंटच्या प्रोग्रॅमला साधारण ३० जीबी रॅम लागते. त्यासाठी ३२ जीबीचं मशीन घेणारा माणूस म्हणजे पन्नास पानांच्या पंगतीला मोजून पन्नास जिलब्या तळणारा. अलाइनमेंटच्या फायली क्रमाने लावणाऱ्या सॅमटूल्सच्या सॉर्टचं आणखी वेगळं. मेमरीच्या ‘एम’पुढे ४जी लिहिलं की आपल्याला वाटतं, चार जीबीत भागलं. तो आकडा माणशी असतो! आठ थ्रेड, म्हणजे एकाच वेळी राबणारे हात, जेवायला बसले की बिल बत्तीसचं.

कधी जॉब निरोगी असतो, मशीनच काढून घेतात. स्पॉट मशीन, म्हणजे क्लाउड कंपनीकडचं पडून असलेलं मशीन, स्वस्त मिळतं ते याच अटीवर. ॲमेझॉन दोन मिनिटं आधी सांगतं, गूगल जेमतेम तीस सेकंद. पुण्यातला घरमालकसुद्धा महिना देतो. तीस सेकंदांत शंभर जीबीची फाइल बकेटमध्ये (क्लाउडवरच्या कायमच्या कोठारात) जात नाही, म्हणून काम आधीच क्रोमोसोमगणिक तोडून, झालेला तुकडा लगेच हलवत राहायचं. कामांची साखळी चालवणाऱ्या नेक्स्टफ्लोमध्ये ‘रिट्राय’ लावून रॅमला प्रयत्नाच्या आकड्याने गुणलं की पुढच्या खेपेला ती आपोआप दुप्पट मिळते. थांबलं तिथून पुढे नेणारं ‘रिझ्यूम’ही आहेच, फक्त अर्धंमुर्धं काम साठवणारी वर्क डिरेक्टरी बकेटमध्ये हवी. गेलेल्या मशीनच्या डिस्कवर ठेवली असेल तर रिझ्यूम करणार काय, कपाळ?

आणि डिस्कवर चाळीस टक्के जागा मोकळी असताना ‘जागा नाही’ असं उत्तर आलं, तर भांडू नये. मोकळी जागा सांगणाऱ्या ‘डीएफ’ कमांडला ‘आय’ लावून बघावं. लाखो चिल्लर फायलींनी आयनोड, म्हणजे दर फाइलमागे एक लागणारी नोंद, संपवलेले असतात.

हे सगळं परवडलं. मला धडकी भरते ती अर्धवट फाइलची. स्क्रिप्ट बघते, फाइल आहे, म्हणजे काम झालं, आणि पुढे निघून जाते. अर्ध्या जीनोमवरचा निष्कर्ष मग दिमाखात आलेखात चढतो. अलाइनमेंटचा निकाल ज्यात साठतो त्या बॅम फाइलच्या शेवटी, ती पूर्ण असेल तर, २८ बाइटचा रिकामा ठोकळा असतो. तो आहे का, हे सॅमटूल्सचं ‘क्विकचेक’ क्षणात सांगतं. त्याहून बरं म्हणजे आधी टेंप नावाने लिहायचं आणि काम नीट संपल्यावरच ‘एमव्ही’ कमांडने खरं नाव द्यायचं. एकाच फाइल सिस्टीमवर ते एका दमात होतं, अर्धं नाव कधी लागत नाही.

एवढं करून जॉब टीमक्समध्ये, म्हणजे आपण गेलो तरी तिकडच्या मशीनवर चालू राहणाऱ्या टर्मिनलमध्ये, लावतो आणि डिटॅच होतो. लॅपटॉप मिटला, नेट गेलं, तरी आता काही बिघडणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरीही झाकण चार बोटं उघडं ठेवूनच झोपतो.