शारलोट तलावात औषध नाही, कुणी उतरू नका

रविवारी सकाळी कळव्याहून आत्याचा फोन आला. "माथेरानला कधी नेतोस रे? त्या तळ्यात तीन बुड्या मारल्या की इसब जातं म्हणे." तिच्या दोन्ही हातांवर इसब आहे, पावसाळ्यात चिघळतं. मेसेज तिला भिशीच्या ग्रुपवर आला होता. मलाही आठवडाभरात तो तीन जणांनी पाठवला. त्यात म्हटलंय की डोंगर निर्मनुष्य होता, तो इंग्रजांनी शोधला, रेल्वेही त्यांनीच बांधली, शारलोट तलाव नैसर्गिक झऱ्यांचा आणि औषधी आहे, आणि आता आपली गाडी थेट हॉटेलच्या दारात जाते.

आधी तलाव, कारण बाकीचं चुकलं तर फार तर सहल फसेल, इथे जीव जाईल. शारलोट हा बांध घालून केलेला तलाव आहे. त्यात साठतं ते डोंगरावर पडलेलं पावसाचं पाणी, आणि ते माथेरानकरांच्या पिण्यासाठी आहे. त्यात चिघळलेले हात बुडवायचे? साचलेल्या पाण्याने उघड्या जखमेत जंतू जातात, इसब बरं होत नाही. आणि बुड्या मारायचं म्हणाल, तर जून २०२५ मध्ये नवी मुंबईतले तीन तरुण याच तलावात बुडाले. बातमी सगळ्यांनी वाचली होती. तरी त्याच पाण्यात उतरा म्हणणारा मेसेज लोक बिनदिक्कत पुढे ढकलतात, याचा मला संताप येतो. काठावर पिसारनाथाचं देऊळ आहे. दर्शन घ्या, सावलीत बसा, पण पाण्यात पाय घालू नका.

आता 'निर्मनुष्य'. १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर काढून बघा. तेव्हा माथेरान ठाणे जिल्ह्यातच होतं, त्यामुळे त्यात त्यावर भरपूर मजकूर आहे. डोंगरावरच्या धनगर, ठाकूर, कातकरी लोकांची माहिती इंग्रजांनीच तिथे लिहून ठेवली आहे. एवढं मान्य करतो की मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट वर चढले आणि त्यानंतर हवा खायला जाण्याचं ठिकाण म्हणून माथेरानचं नाव झालं. पण त्याला शोध म्हणायचं, तर पिढ्यान् पिढ्या त्या वाटा तुडवणारे ठाकूर कोण होते? याच गावात १९१२ साली भाई कोतवाल जन्मले आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर इंग्रजांच्या गोळीने हुतात्मा झाले. 'इतिहास' सांगणाऱ्या त्या मेसेजात त्यांच्याबद्दल एक ओळ नाही.

रेल्वे १९०७ ची. पैसा मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांचा, मेहनत त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांची.

गाडीचं म्हणाल तर ती दस्तुरी नाक्यावरच लावावी लागते. २००३ पासून माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. पुढे ई-रिक्षा सुरू झाल्या, हे खरं, पण त्याचा अर्थ तुमची गाडी वर जाते असा होत नाही. ती जात नाही म्हणून तर लाल मातीच्या रस्त्याने चालताना डोक्यावरच्या फांद्यांत शेकरू खसफसलेला ऐकू येतो.

आत्याला मी डिसेंबरात नेणार आहे, नेरळहून छोट्या रेल्वेगाडीने. हातांसाठी मंगळवारी त्वचेच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. भिशीच्या ग्रुपवर हे सगळं ती स्वतः टाकते म्हणाली.